नुहाल्क कारागिराकडचं चांदीचं कडं, आठ महिने रोज वापरल्यावर

गेल्या जुलैत बेला कूलाला गेलो होतो तेव्हा घेतलेलं हे कडं, तेव्हापासून रोज हातात आहे. बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

बेला कूला म्हणजे कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचं नुहाल्क या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं गाव, विल्यम्स लेकहून हायवे २० ने साधारण ४५० किमी, आणि शेवटी जो घाट लागतो तो कच्चा, काही ठिकाणी १८ टक्के उतार, कठडाबिठडा काही नाही. सरकारने हात वर केल्यावर गावकऱ्यांनीच बुलडोझर लावून १९५३ मध्ये हा रस्ता जोडला म्हणे. नवऱ्याने अख्खा घाट फर्स्ट गिअरमध्ये उतरवला, मी डोळे मिटूनच होते.

तर कडं. आपल्यासारखं बंद गोल नाही, पाऊण इंच रुंद पट्टी वाकवलेली आणि मागे फट. वर हाताने कोरलेला रेव्हन, म्हणजे आपल्या डोमकावळ्यासारखाच, पण मोठा. खरं सांगू, पहिले दोन आठवडे मला त्यात कावळा दिसतच नव्हता, नुसत्या जाड-बारीक होत जाणाऱ्या रेषा. मग एकदा बसमध्ये बघत बसले होते तेव्हा कोपरे गोल केलेल्या चौकोनासारखा डोळा सापडला, त्याच्यावरून चोच, आणि पट्टीभर जे यू अक्षरासारखे आकार होते ती पिसं निघाली! आता काही केलं तरी कावळाच दिसतो.

किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगं, वजन किती?" त्यांचं बरोबर आहे, आपण चांदी तोळ्यावर घेतो आणि वर घडणावळ देतो. इथे उलटं, जवळजवळ सगळी घडणावळच. या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात चांदीची नाणी ठोकूनसुद्धा कडी बनवायचे. आणि १८८५ ते १९५१ पॉटलॅचवर, म्हणजे नाच, मुखवटे, लोकांना बोलावून भेटी वाटायचा सोहळा, त्याच्यावर कायद्याने बंदी होती, तरी कोरायची कला टिकली. व्हिक्टोरिया शहरातल्या म्युझियममध्ये शंभरेक वर्षं अडकलेला नुहाल्क लोकांचा एक कोरीव लाकडी खांब (टोटेम पोल) २०२३ मध्ये घरी परत आला. हे सगळं कळल्यावर तोळ्याचा हिशोब मी तरी सोडून दिला. (मी घालू का हे पण आधी विचारलं, कारण चिन्हं आणि गोष्टी घराण्यांच्या मालकीच्या असतात. विकायला बनवलेलं आहे, बिनधास्त घाल, असं उत्तर मिळालं.)

आता वापराचं. घालताना फट ताणायची नाही, मनगटाच्या अरुंद बाजूने आडवं सरकवायचं आणि मग फिरवायचं. सारखं उघडझाप केलं की चांदी मधोमध थकते आणि तडा जातो. मला हे सांगितलेलं होतं तरी पहिला महिना घाईत ताणलंच.

दुसरी चूक डिसेंबरात नाशिकला. आईने प्रेमाने टूथपेस्ट लावून लखलखीत करून दिलं, आणि कोरलेल्या खाचांमध्ये मुद्दाम धरलेला काळेपणा अर्धा गेला. रेव्हन एका बाजूने फिका पडलाय. आई अजून म्हणते, "काळं पडलेलं कोण घालतं गं?" त्यामुळे बायांनो, टूथपेस्ट नको, चांदी चमकवायचं लिक्विड तर अजिबातच नको, मऊ सुती फडकं बास.

त्रास एवढाच की स्वेटरच्या बाहीत अडकतं आणि लॅपटॉपवर टाइप करताना टकटक वाजतं, ऑफिसात शेजारचा बघतो. चरे पडलेत बारीक, त्याचं मला काही वाटत नाही.

फट मात्र थोडी वाढलीये. कारागिराला फोटो पाठवला तर म्हणाला स्वतः दाबू नकोस, उन्हाळ्यात घेऊन ये, काळेपणा पण धरून देतो. म्हणजे परत तो घाट. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.