फिलिपिनो टीचरकडे ११ महिने इंग्रजी शिकले, त्याचा अनुभव

मागच्या नोव्हेंबरात ऑनलाइन इंग्लिश स्पीकिंगचं पॅकेज घेतलं, आता सप्टेंबर संपत आला. मधे दोनतीन मैत्रिणींनी विचारलं कसं आहे म्हणून, दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही कारण अशी बरीच अ‍ॅप्स आहेत, आणि मला जे मिळालं ते अ‍ॅपमुळे नाही, टीचरमुळे मिळालं.

मी दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. आमच्याकडे सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित इंग्रजीतून. पुस्तकातलं वाचता येतं, पोरांना समजावता पण येतं, पण सलग चार वाक्यं बोलायची म्हटली की शब्द घशात अडकायचे. आमचे हे मर्चंट नेव्हीत आहेत, जहाजावर फिलिपिनो माणसं भरपूर, त्यांनीच सांगितलं की शिकायचंच तर फिलिपिनो टीचर घे, ती माणसं हसत हसत शिकवतात, चुकलं तरी अंगावर येत नाहीत. २५ मिनिटांचा क्लास, आठवड्याला पाच, एका क्लासचे साधारण दोनशे रुपये पडतात.

आधी पहिल्या दिवसाचं सांगते, म्हणजे तुमचे तरी पैसे वाचतील. फिलिपिन्सचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे. अ‍ॅपमध्ये वेळ मनिलाची दिसत होती, मी सकाळी सहाचा स्लॉट म्हणून बुक केला तो आपल्याकडचा पहाटे साडेतीनचा निघाला. मी साडेपाचला उठून, चहा घेऊन, वेणीफणी करून, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून बसले तर क्लास होऊन गेलेला! पैसे गेले ते गेलेच. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन टाइमझोन आधी बदला, बाकी सगळं नंतर.

माझी टीचर इलोइलोची आहे, पनाय नावाच्या बेटावरचं शहर. वय २९, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान म्हणून एकेरीत लिहिते, मान पूर्ण आहे. आधी सात वर्षं शाळेत तिसरीला शिकवायची, मग आईच्या आजारपणामुळे घरून ऑनलाइन सुरू केलं. तिकडच्या लोकांचं बोलणं इतकं गोड आणि हेल काढून असतं की ती रागावली तरी कळत नाही, असं ती स्वतःच सांगते.

पहिला आठवडा फार गोंधळाचा गेला आणि त्याचं कारण इंग्रजी नव्हतंच, भुवया होत्या. मी उत्तर दिलं की ती काही न बोलता दोन्ही भुवया पटकन वर करायची. आपल्याकडे भुवया वर केल्या म्हणजे "काय? काय म्हणालीस?" असंच ना. म्हणून मी "शी गोज टू मार्केट" म्हणायचे, भुवया वर, चुकलं वाटतं म्हणून लगेच "शी गो टू मार्केट" करायचे, आता ती गप्प, मग आणखी घाबरून "शी इज गो टू मार्केट", आणि ती बघत राहायची की आत्ता तर बाईंना बरोबर येत होतं. उलट तिने समजलं का विचारलं की मी आपण डोलवतो तशी मान डोलवायचे, डावी-उजवी. तिला वाटायचं ही नाही म्हणतेय, म्हणून ती सगळं पुन्हा पहिल्यापासून. प्रेझेंट परफेक्ट आम्ही असा चार दिवस शिकलो. सातव्या क्लासला तिने एकदम हळू आवाजात विचारलं, मॅम, मी शिकवलेलं तुम्हाला काहीच कळत नाही का? तेव्हा उलगडा झाला. तिथं भुवया वर करणं म्हणजे हो. शाळेत मुलं हजेरीलासुद्धा तोंड न उघडता भुवया उडवतात, टीचरची मान हजेरीपुस्तकात, मग ती ओरडते की बाबांनो आवाज काढा, मला कपाळ दिसत नाही तुमचं. त्या दिवशी शिकवणं काहीच झालं नाही, आम्ही दोघी नुसत्या हसत होतो, आणि माझ्या मते खरा क्लास तिथून सुरू झाला.

अ‍ॅपचे धडे मला फारसे उपयोगाचे वाटले नाहीत. विमानतळावर काय बोलायचं, हॉटेलात खोली कशी मागायची, बर्फावरून घसरायचे खेळ, यातलं दापोलीत मी काय बोलणार? मी तिला म्हटलं माझ्या चौथीच्या गणितातून शिकव, तीही खूश झाली, शिक्षिकाच ती. आणि पहिल्याच दिवशी भांडण. मी म्हटलं "फाइव्ह इन्टू टेन". ती म्हणाली "टू". मी म्हटलं "फिफ्टी". ती परत "टू, मॅम". मला खरंच काळजी वाटली की हिचं गणित कच्चं आहे की काय, आणि तिला माझ्याबद्दल नेमकं तेच वाटत होतं. शेवटी दोघींनी स्क्रीनवर लिहून दाखवलं. माझं होतं ५ × १०, तिचं होतं १० ÷ ५. तिच्याकडे "फाइव्ह इन्टू टेन" म्हणजे दहात पाच किती वेळा जातात, सरळ भागाकार! गुणाकाराला "टाइम्स". आता आपण सगळे लहानपणापासून इन्टूच म्हणत आलो, माझ्या गुरुजींनी तेच शिकवलं, मी अठरा वर्षं तेच शिकवलं, आणि इथं ते चूकही नाही. पण उद्या माझा एखादा पोरगा यांच्यासारखा जहाजावर गेला आणि तिथं कोणी असं म्हणालं तर? म्हणून आता वर्गात दोन्ही सांगते. एक पालक दारात येऊन विचारून गेले, बाई, इन्टू बदललं का यंदा?

असे घोळ नेहमीचे. एकदा क्लास अर्ध्यावर असताना ती घाईघाईने म्हणाली, सॉरी मॅम, मला जरा सीआरला जायचंय. आपल्याकडे सीआर म्हणजे गोपनीय अहवाल, साहेबांनी लिहायचा. मला वाटलं हिला वरून बोलावणं आलं, मी मनापासून म्हटलं ऑल द बेस्ट, तुझा चांगलाच येईल, तू खूप कष्ट करतेस. तिथं सीआर म्हणजे कम्फर्ट रूम, बाथरूम. परत आली ती हसून हसून लाल होऊन. आणि साधारण तिसऱ्या महिन्यापासून ती मला "आते" म्हणायला लागली, मी म्हटलं अगं मी तुझी आत्या कुठली, आणि तुला मराठी कोणी शिकवलं? तर आते म्हणजे मोठी बहीण. तेव्हापासून तेच चालू आहे, मला फार आवडतं.

आता नाकाचा किस्सा, हा मी सगळ्यांना सांगते. फेब्रुवारीत एक दिवस ती थकलेली दिसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काल कंपनीच्या एका अमेरिकन ट्रेनरबरोबर चाळीस मिनिटं कॉल होता, आते, आय हॅड अ नोजब्लीड. म्हणजे घोळणा फुटला! मी उठले, कॅमेऱ्यासमोर कांदा आणून फोडून दाखवला, की हा असा नाकाशी धर, डोक्यावर गार पाणी मार, उन्हात जाऊ नकोस. ती हसतेय आणि मी दामटून सांगतेय की हसू नकोस, परत फुटेल. शेवटी डोळे पुसत म्हणाली, आते, रक्त नाही आलं, समोरचा भारी भारी इंग्रजी बोलायला लागला आणि आपल्याला झेपेना की आमच्याकडे नोजब्लीड झालं म्हणतात.

मी गप्पच झाले. म्हटलं तुला पण होतं असं? तर म्हणाली होतं की, माझी ती तिसरी भाषा आहे. घरात हिलिगायनोन, शाळेत फिलिपिनो आणि मग इंग्रजी. मी म्हटलं माझंही तसंच, घरात आमची कोकणी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, मग इंग्रजी. त्यांच्याकडे इंग्रजी आलं कसं तेही तेव्हाच कळलं. १९०१ मध्ये अमेरिकन सरकारने थॉमस नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे शिक्षक पाठवले, त्या शिक्षकांना तिकडे थॉमसाइट्स म्हणतात, शाळेच्या पुस्तकात असतं. हे मी यांना फोनवर सांगितलं तर जहाजावरच्या कुकला विचारून आले, त्यालाही माहीत होतं.

माझ्या भीतीवर औषध कुठलं लागू पडलं असेल तर हेच. समोरची स्वतः ठेचकाळत शिकलीय, कुठल्या पायरीवर पाय घसरतो ते तिला पक्कं माहीत आहे. उदाहरणार्थ प. तिने मला टिश्यू पेपरची पट्टी तोंडासमोर धरायला लावली आणि "पेन" म्हणायला सांगितलं. इंग्रजी माणूस म्हणतो तेव्हा हवेचा फुत्कार निघून पट्टी हलते. माझी ढिम्म. ती म्हणाली आमच्याही मुलांची हलत नाही, मला स्वतःला ट्रेनिंगमध्ये आठवडा लागला. मग मला सुचलं, ओठ मिटून जुन्या माणसांसारखा फळातला फ काढला, पट्टी फडफडली! ती खुर्चीतून उठलीच. तुमच्याकडे याला वेगळं अक्षर आहे? लिहून दाखवा! मी प आणि फ काढून दाखवला, तिने वहीत उतरवून घेतला. तिच्या वर्गात वेगळीच तऱ्हा होती, तिथल्या बहुतेक जुन्या भाषांत इंग्रजी एफचा आवाज नव्हता म्हणून बारकी मुलं हाऊ आर यू विचारलं की "आय एम पाइन" म्हणायची, म्हणून तिने भिंतीवर एका बाजूला काटाचमचा आणि एका बाजूला डुक्कर असं चित्र लावलेलं, फोर्क आणि पोर्क. माझं दुखणं आहे व्ही आणि डब्ल्यूचं, मराठीत दोन्हीला एकच व. खालचा ओठ दाताखाली की ओठांचा चंबू, "व्हेरी वेल" अजून रोज दहा वेळा आरशासमोर म्हणते.

वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही सारखे शब्द लिहितो. साबण म्हणजे साबोन, चिकू म्हणजे चिको, मुख म्हणजे मुखा, आशा म्हणजे आसा. माहाल म्हणजे महाग, आणि प्रियसुद्धा. आणि शिक्षकाला त्यांच्या भाषेत म्हणतात गुरो. आपला गुरू. हे तिने लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या.

कोंबड्यांचं सांगायलाच पाहिजे. आमचा क्लास सकाळी सहाला, तिथं साडेआठ. माझा कोंबडा आरवून गप्प होतो, तिच्या शेजाऱ्याचा दिवसभर आरवतो. फिलिपिनो भाषेत कोंबडा टिकटिलाओक म्हणतो, माझ्या भाषेत कुकूच कू, यावर पूर्ण एक क्लास गेला आणि त्यातच मी पहिल्यांदा न अडखळता दहा मिनिटं बोलले. मे महिन्यात आंब्यावरून तसंच झालं. इलोइलोसमोर गिमारास नावाचं बेट आहे, तिथल्या आंब्याचा तिला भारी अभिमान, जातीचं नाव काराबाओ, म्हणजे चक्क म्हैस. मी म्हटलं हापूस खाल्ल्याशिवाय बोलू नकोस. मिटलं नाही ते. कैरीवर मात्र एकमत झालं, ती कैरीबरोबर आंबवलेली कोलीम, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, खाते, आम्ही जवळा.

आता तक्रारी. चांगल्या टीचरचे स्लॉट जपान-कोरियाचे विद्यार्थी आधीच पटकावतात, म्हणून रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचं बुकिंग करून ठेवा. पावसाळ्यात आमची लाइट गेली की क्लास बुडतो आणि पैसे परत मागायला चार मेल लागतात. तिच्याकडे लाइट गेली तर, ज्याला ती ब्राऊनआउट म्हणते, क्लास परत मिळतो, ते बरं आहे. डिसेंबरात तिकडे चक्रीवादळ आलं आणि सहा दिवस तिचा पत्ता नाही. अ‍ॅपने सरळ दुसरी टीचर दिली, मी घेतली नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आम्ही दापोलीत भोगलंय, पत्रे, माड, सुपारी सगळं आडवं, आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, त्यामुळे तिथं काय चाललं असेल ते मला दिसत होतं. सातव्या दिवशी आली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मागे बांबू-कागदाची चांदणी लटकलेली. म्हणाली, आते, पत्रा गेला पण पारोल वाचला. पारोल म्हणजे त्यांचा नाताळचा कंदील. आमचा आकाशकंदील अजून काढायचा राहिला होता, मी फोन फिरवून तो दाखवला, दोन्हींच्या काड्या सारख्याच बांधलेल्या.

तिकडे नाताळ सप्टेंबरपासूनच सुरू होतो, आत्ता मी हे लिहितेय तर तिच्या शेजारी गाणी लागलेली आहेत. आणि त्यांचा शिक्षक महिना ५ सप्टेंबरला सुरू होऊन ५ ऑक्टोबरपर्यंत चालतो. आपला शिक्षक दिन पण ५ सप्टेंबर! म्हणून यंदा त्या दिवशी मोबाईल टेबलावर उभा करून माझ्या चौथीच्या २३ पोरांना तिच्याशी बोलायला लावलं. पोरांनी गुरो म्हणून नमस्कार केला. एकाने विचारलं तुम्ही बांगडा खाता का, हो म्हटल्यावर वर्गात टाळ्या. मग तिने विचारलं, डू यू लाइक इंग्लिश? कोणी तोंडच उघडेना. मला वाटलं लाजली. पुढे जाऊन बघते तर २३ जणांच्या भुवया वर.

पॅकेज पुढच्या महिन्यात संपतंय, पुढच्या सहा महिन्यांचे पैसे भरून टाकलेत. कोणाला घ्यायचं असेल तर जरूर घ्या, फक्त सकाळी सहाचा तिचा स्लॉट तेवढा सोडा.