मोठ्या दिवसाआधी काय बदलायचं आणि काय राहू द्यायचं

धाकट्या बहिणीच्या लग्नाला ११ आठवडे उरलेत. परवा रात्री तिने मला यादी पाठवली: केसांना रंग, पुढे फ्रिंज, स्मूदनिंग, चेहऱ्याला पील, हातापायांना लेझर, दात पांढरे करून घेणं, आणि शेवटी ‘पाच किलो वजन’. खाली एकच प्रश्न, “ताई, यातलं काय करू?”

तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडते. लग्न असो, मुलाखत असो की शाळेचा पंचवीस वर्षांनी भरणारा मेळावा, यादी साधारण अशीच असते. यातलं काहीही निवडताना मी दोन आकडे बघते. परिणाम दिसायला किती दिवस लागतात, हा पहिला. बिघडलं तर निस्तरायला किती दिवस लागतात, हा दुसरा. पहिला आकडा सगळे आपणहून सांगतात, दुसरा आपल्याला विचारावा लागतो. दोन्हींची बेरीज हातातल्या दिवसांत बसत नसेल, तर ती गोष्ट कितीही आवडली तरी समारंभानंतर करावी.

केस: कापायचे की रंगवायचे

डोक्यावरचे केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतात. भुवईपर्यंत कापलेली फ्रिंज आवडली नाही, तर ती कानामागे सारता येईपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात. कापलेल्या केसांवर दुसरा उपाय नाही. रंग त्या मानाने सुधारता येतो, पण सुधारण्याच्या प्रत्येक फेरीत केस आणखी कोरडे होत जातात. म्हणून माझं मत असं: लांबी कमी करायची हौस असेल आणि तारीख सहा महिन्यांच्या आत असेल, तर तो मोह टाळावा. टोकं सारखी करणं वेगळं, ते समारंभाच्या सात ते दहा दिवस आधी करावं, म्हणजे काप बसायला वेळ मिळतो.

रंगाचं गणित थोडं नाजूक आहे. काळ्याभोर केसांवर फिकट रंग चढवायचा तर आधी ब्लीच करून केसातलं मूळ रंगद्रव्य काढावं लागतं. ते एका झटक्यात निघत नाही. केस आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळे होतात. फोटोतल्यासारखा राखाडी तपकिरी रंग हवा असेल तर बहुतेक वेळा दोन-तीन सिटिंग्ज लागतात. ऐनवेळी एकाच सिटिंगमध्ये उरकायला गेलं की मधल्या नारिंगी टप्प्यावर अडकायला होतं. याउलट आपल्या रंगापेक्षा एक-दोन छटाच उजळ घेतली तर काम सोपं असतं आणि मुळं वाढली तरी फार डोळ्यांत भरत नाहीत. दोन छटांमध्ये मन अडलं असेल तर फिकट घ्यावी. फिकट रंगावर गडद बसतो, पण एकदा चढलेला गडद रंग उतरवायला पुन्हा ब्लीचच लागतं.

पॅच टेस्टबाबत मात्र मी तडजोड करत नाही. बहुतेक कायमस्वरूपी गडद रंगांत पीपीडी नावाचं रसायन किंवा त्याचं भावंड असतं, आणि त्याची ॲलर्जी पूर्वी कधीही त्रास न झालेल्या माणसालाही अचानक होऊ शकते. ती उठली की टाळू खाजते, पापण्या सुजतात, कधी सगळा चेहरा सुजतो. ही सूज लगेचच येते असं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येते. म्हणून रंगाचा थेंब कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून किमान ४८ तास थांबायचं. रंग पहिल्यांदाच लावणार असाल तर दीड-दोन महिने आधी लावून बघा आणि शेवटच्या आठवड्यात फक्त मुळांना टच-अप करा.

स्मूदनिंग की ब्लो-ड्राय, हा प्रश्न माझ्या मते एका दिवसासाठी पडायलाच नको. ब्लो-ड्राय, म्हणजे ड्रायरच्या गरम हवेने केस बसवणं, पुढच्या धुण्यापर्यंत टिकतो; स्मूदनिंग, म्हणजे रसायन आणि उष्णतेने केस सरळ करणं, तीन-चार महिने. रोज सकाळी केसांशी झटापट होत असेल तर स्मूदनिंगला अर्थ आहे, आणि मग ते चार-सहा आठवडे आधी करावं. पण एक लक्षात ठेवा, अगदी सरळ, गुळगुळीत केसांत पिना धरत नाहीत. त्या दिवशी अंबाडा किंवा भरगच्च रचना हवी असेल तर तुमच्या मूळच्या केसांचा पोतच कामाला येतो. शिवाय अशा काही उत्पादनांतून उष्णतेने फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि करायचंच तर हवा खेळती असलेल्या जागी करा. डोळे चुरचुरायला लागले तर संकोच न करता उठा.

चेहरा: पील, फेशियल की रोजची निगा

इथे सगळ्यात जास्त घाई होते आणि सगळ्यात जास्त अंगाशीही येतं. तरुण वयात त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढतं तसे जास्त. म्हणून कुठलंही नवं क्रीम खरोखर काय करतंय हे महिनाभराच्या आत कळत नाही. मुरुमांसाठी डॉक्टर देतात ती रेटिनॉइडची क्रीम्स तर आठ ते बारा आठवडे घेतात, आणि पहिले काही आठवडे चेहरा कोरडा पडतो, पापुद्रे निघतात, कधी मुरुमं आधी वाढतात. ११ आठवडे हातात असतील तर आज सुरू करण्यात अर्थ आहे. चार आठवडे असतील तर फक्त सोलवटलेला टप्पाच समारंभाला मिळेल.

पील म्हणजे ॲसिडने वरचा थर काढणं. हलक्या पीलनंतर तीन ते पाच दिवस, कधी आठवडाभर त्वचा सुटते, आणि चांगला फरक दिसायला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा सिटिंग्ज लागतात. खोल पील मी सावळ्या-गव्हाळ त्वचेला तारखेच्या जवळ कधीच सुचवणार नाही. आपल्या त्वचेत रंगद्रव्य जास्त आणि जिवंत असतं. तिला जरा भाजलं, सोललं, चिडवलं की ती त्या जागी काळा डाग धरते, आणि तो डाग जायला महिने लागतात.

फेशियलचा परिणाम थोड्या दिवसांचा, पण धोकाही कमी, एवढीच तिची बाजू. तेही ओळखीचं, आधी केलेलं फेशियल पाच ते सात दिवस आधी करावं. ब्लॅकहेड्स दाबून काढायला लावू नयेत, त्याचे वळ राहतात. या तिघांत मला विचाराल तर साधा सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सकाळचं सनस्क्रीन हे सलग दहा आठवडे नेमाने करणारी मुलगी, शेवटच्या पंधरवड्यात तीन उपाय करणाऱ्या मुलीपेक्षा हमखास चांगली दिसते.

हे मी एवढ्या ठामपणे का सांगते? मावसभावाच्या लग्नाच्या वेळी मी स्वतः रात्रीचं रेटिनॉइड क्रीम लावत होते. चेहरा छान साफ झाला होता. लग्नाला चार दिवस उरले आणि मी वरच्या ओठावर वॅक्स करून घेतलं. पट्टी ओढली तशी मेणाबरोबर कातडीही आली. नाकाखाली उजवीकडे करंगळीच्या नखाएवढी जागा, लालभडक आणि ओलसर चकाकणारी. त्या रात्री तोंडाला साधं पाणी लावलं तरी डोळ्यांत पाणी येत होतं. लग्नाच्या सकाळी तिथे खपली धरली होती. कन्सीलर लावला की तो खपलीवर तडकायचा, पुसला की खपलीची कड सुटायची. आई शेजारी उभी राहून कापसाने टिपत होती आणि मी रडू आवरत होते. खपली आठवड्यात गेली, तपकिरी डाग चार महिने राहिला. क्रीम काय लावतेस, हे त्या पार्लरमध्ये मला कुणी विचारलं नाही, आणि सांगायला हवं हे मला माहीत नव्हतं.

रेटिनॉइडने वरचा थर नाजूक होतो, म्हणून त्या भागावर वॅक्स करायचं तर क्रीम किमान आठवडाभर आधी बंद करावं लागतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर गोळ्या संपल्यावरही सहा महिने वॅक्सला हात लावायचा नाही. तोवर थ्रेडिंग, तेही हलक्या हाताने.

नको असलेले केस: लेझर की वॅक्स

लेझरचा प्रकाश केसातलं रंगद्रव्य शोषून घेतं आणि उष्णता मुळापर्यंत जाते. ज्या केसांची वाढ त्या घडीला चालू असते त्यांच्यावरच ते नीट चालतं, म्हणून चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सिटिंग्ज लागतात. ११ आठवड्यांत फार तर दोन-तीन होतील, म्हणजे कुठे केस आहेत, कुठे नाहीत अशी अवस्था. शिवाय दोन सिटिंग्जच्या मध्ये वॅक्स, थ्रेडिंग, चिमटा सगळं बंद, कारण मूळच उपटलं तर लेझरने जाळायचं काय? तेवढ्यात फक्त रेझर चालतो. पांढऱ्या केसांवर लेझर काम करत नाही, आणि उन्हाने रापलेल्या त्वचेवर ते भाजू शकतं. त्यामुळे हातात आठ-नऊ महिने असतील आणि हा त्रास कायमचा कमी करायचा असेल तर लेझर, नाहीतर वॅक्स. हनुवटीवर अचानक जाड केस वाढले असतील तर मात्र आधी डॉक्टर गाठा. कारण हार्मोन्सचं असेल तर लेझरनंतरही ते परत येत राहतात.

वॅक्ससाठी केस पाच-सहा मिलिमीटर वाढलेले लागतात आणि नंतर एक-दोन दिवस लाली, पुरळ राहू शकतं. म्हणून दोन ते चार दिवस आधी. पहिल्यांदा करणार असाल तर महिनाभर आधी एकदा करून बघा. रेझरने केस जाड होतात हा निव्वळ गैरसमज आहे. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते टोचतं, एवढंच. भुवयांना समारंभाच्या तोंडावर नवा आकार देऊ नका. खूप बारीक झाल्या तर भरायला दोन ते चार महिने लागतात. पुरुषांनीही दाढीचा नवा आकार चार-सहा आठवडे आधी करून बघावा आणि रेझर बदलायचा असेल तर तोही तेव्हाच.

दात, इंजेक्शनं आणि वजन

दात आधी स्केलिंगने साफ करून घ्या. पुष्कळदा जो पिवळेपणा वाटतो तो नुसता थर असतो आणि ब्लीचची गरजच उरत नाही. ब्लीच करायचं तर डॉक्टरांनी करून दिलेला साचा रात्री घालून साधारण दोन आठवडे, किंवा दवाखान्यात बसून एक-दोन वेळा. दवाखान्यातलं लवकर होतं, पण त्यानंतर दात जास्त ठणकतात, आणि पहिल्या दिवशी दिसतो तेवढा पांढरेपणा टिकत नाही, कारण तेव्हा दात कोरडे पडलेले असतात. कॅप आणि फिलिंगचा रंग मात्र कशानेच बदलत नाही. समोरच्या दातावर कॅप असेल तर आजूबाजूचे उजळून ती एकटी वेगळी दिसेल. महिनाभर आधी उरका.

बोटॉक्सचा, म्हणजे सुरकुत्या कमी करायला स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, पूर्ण परिणाम दोन आठवड्यांत दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. फिलरने, म्हणजे ओठ-गाल भरण्यासाठीच्या इंजेक्शनने, भरलेपणा लगेच दिसतो, पण सूज आणि निळेपणा आठवडा-दोन आठवडे राहू शकतो. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर नको वाटलं तर विरघळवता येतं. बोटॉक्सने पापणी खाली आली तर ते ओसरायचीच वाट बघावी लागते. पहिल्यांदाच करत असाल तर दोन्हींसाठी दोन महिन्यांपेक्षा जवळची तारीख नको.

आणि ते पाच किलो. हे मला बहिणीच्या यादीत सगळ्यात जास्त खटकलं. उपासमार करून वजन भराभर उतरवलं की शरीर केसांवरचा खर्च आधी कमी करतं. खूपसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी झडायला लागतात. आज सुरू केलेल्या उपासमारीचे केस बरोबर लग्नाच्या आठवड्यात कंगव्यात येतील. हे केस पुढे परत येतात, पण त्या दिवशी नाही. कपडेच अंगाला नीट बसतील असे शिवून घेणं हा यापेक्षा कितीतरी चांगला उपाय.

ऐन आदल्या दिवशी मुरूम उठलाच तर घरातलं कुणाचंतरी स्टेरॉइड क्रीम फासू नका. त्वचारोगतज्ज्ञ त्यात अगदी थोड्या मात्रेचं इंजेक्शन देतात, एक-दोन दिवसांत तो बसतो, पण तिथे खळगा पडण्याची थोडी शक्यता असते हे आधी विचारून घ्या. मेकअपची चाचणीही एकदा करा आणि फ्लॅश टाकून फोटो काढून बघा. काही सनस्क्रीन आणि पावडरींमुळे फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक येतो, आरशात ते कळत नाही.

बहिणीच्या यादीचं शेवटी असं झालं. लेझर आणि पील पुढच्या वर्षावर गेलं. स्मूदनिंग कटाप. रंग एक छटा उजळ, येत्या आठवड्यात पॅच टेस्ट करून. स्केलिंगची वेळ तिने कालच घेतली. वजनाचा विषय मी आईच्या कानावर घातलाय. फ्रिंजवर ती अजून अडून बसली आहे, म्हणून मी तिला क्लिपने लावायची खोटी फ्रिंज पाठवते आहे. आठवडाभर ती लावून रोज फोटो काढ, असं सांगितलंय.