‘द स्नोमॅन’ (१९८२): तेलखडूंनी रंगवलेला नाताळ, आणि तो नीट पाहायचा कसा

रेमंड ब्रिग्ज यांचं ‘द स्नोमॅन’ हे पुस्तक १९७८ साली आलं. त्यात एकही शब्द नाही, नुसती चित्रं. एक मुलगा स्नोमॅन म्हणजे बर्फाचा माणूस बनवतो, रात्री तो जिवंत होतो, मुलाला घेऊन आकाशात उडतो आणि सकाळी वितळून जातो, एवढीच गोष्ट. टीव्हीसी लंडन या स्टुडिओत जॉन कोट्स यांनी त्यावर लघुपट काढला, दिग्दर्शन डायान जॅक्सन यांचं. २६ डिसेंबर १९८२ रोजी तो ब्रिटनच्या चॅनल फोरवर पहिल्यांदा दाखवला गेला. वाहिनी सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. लांबी साधारण २६ मिनिटं. सुरुवातीचं निवेदन आणि मधलं एक गाणं सोडलं तर कोणी काही बोलत नाही, त्यामुळे अजून वाचता न येणारं मूलही तो एकट्याने पाहू शकतं.

या लघुपटाचं खरं मोल त्याच्या पृष्ठभागात आहे. त्या काळी सेलवरच्या, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर चित्रं काढून केलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये काळी बाह्यरेषा काढून आत सपाट रंग भरायचा, हीच रूढ रीत होती. इथे सेलवर पेस्टल, तेलखडू आणि तत्सम साधनांनी रंग भरलेत आणि पार्श्वभूमीही त्याच साधनांनी रंगवली आहे. म्हणून मुलगा आणि त्याच्यामागचं बर्फाचं रान एकाच कागदावर काढल्यासारखं वाटतं. पात्र मागच्या चित्रावर चिकटवलेलं दिसत नाही. खडूचे फटकारे दोन चित्रांत तंतोतंत सारखे पडणं शक्यच नसतं. त्यामुळे रंग सतत बारीकसा थरथरत राहतो. ही थरथर म्हणजे दोष नव्हे. स्थिर उभा असलेला स्नोमॅनही तिच्यामुळेच जिवंत वाटतो.

आणि नेमकी हीच थरथर घरच्या टीव्हीवर मारली जाते. टीव्हीतली ‘नॉइज रिडक्शन’ ही सोय खडूच्या कणांना खराबी समजून पुसून टाकते आणि बर्फ मेणासारखा गुळगुळीत दिसू लागतो. ‘मोशन स्मूदिंग’ दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं घुसवतं, त्यामुळे उड्डाणाच्या प्रसंगात कडा वितळल्यासारख्या होतात. दोन्ही बंद करा, शार्पनेसही खाली आणा. फार दाबलेल्या, कमी दर्जाच्या व्हिडिओत रात्रीच्या निळ्या आकाशात चौकोनी ठिपके उमटतात. अशा प्रतीपेक्षा चांगली डिस्क केव्हाही बरी.

सुरुवातीच्या प्रसंगानुसार आवृत्त्या तीन आहेत, आणि निवड महत्त्वाची आहे. मूळ आवृत्तीत ब्रिग्ज स्वतः शेतातून चालत येतात. दुसरीत गायक डेव्हिड बोवी माळ्यावर जाऊन खणातून एक मफलर काढतो. तिसरी विसाव्या वर्षानिमित्त २००२ मध्ये आली; तिच्यात अभिनेते मेल स्मिथ यांच्या आवाजातला फादर ख्रिसमस, म्हणजे सांताक्लॉज, बोलतो. या तिसऱ्या आवृत्तीत मूळचं ४:३ प्रमाणाचं, चौकोनाकडे झुकणारं चित्र १६:९ च्या रुंद पडद्यात बसवण्यासाठी वर-खाली कापलेलं आहे. हिशेब केला तर चित्राच्या उंचीचा चौथा हिस्सा जातो. उड्डाणात वरचं आकाश आणि खालची जमीन यांतलं अंतर हाच तर सगळा आनंद, आणि कात्री चालते ती तिथेच. ब्रिग्जची आवृत्ती घ्या, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, टीव्हीचा ‘झूम’ लावू नका. बोवीचा भाग आकर्षक आहे, पण मफलर आधीच दाखवून तो शेवटाची धार थोडी बोथट करतो.

कथा रचण्यात जॅक्सन यांची हुशारी दिसते ती उष्णतेच्या वापरात. घरात शिरलेला स्नोमॅन आगीजवळ दचकतो. पुढे मोटरसायकलच्या इंजिनाच्या धगीने त्याचा पाय वितळू लागतो आणि त्याला फ्रीझरमध्ये पडून गार व्हावं लागतं. दोन्ही प्रसंग गमतीचे म्हणून येतात, पण सकाळच्या उन्हाची तयारी तेव्हाच झालेली असते. मोटरसायकल पुस्तकात नाही. तिथे दोघं नुसते गाडीत बसतात. पुस्तकातलं उड्डाणही ब्रायटन या इंग्लंडमधल्या किनारी शहराच्या, समुद्रात गेलेल्या धक्क्यापाशी संपतं. उत्तरेकडचा प्रवास, स्नोमॅनांची मेजवानी आणि फादर ख्रिसमस ही सगळी लघुपटाची भर, म्हणजे मूळ पुस्तकात नाताळच नाही. एवढी भर सहसा कथेला जड होते. मेजवानीचा नाच मला जरा लांबलेला वाटतो, पण फादर ख्रिसमसने दिलेला मफलर शेवटी जे काम करतो, त्यापुढे ही तक्रार किरकोळ आहे.

संगीत हॉवर्ड ब्लेक यांचं, आणि संवादांची जागा तेच घेतं: पावलं, धावणं, धडपडणं सगळं वाद्यांत येतं. म्हणून टीव्हीच्या बारीक स्पीकरवर निम्मा लघुपट हरवतो. वेगळे स्पीकर असतील तर जोडा, आणि ‘नाइट मोड’सारखी हळू-मोठा आवाज एका पातळीवर आणणारी सोय बंद ठेवा, शांत भागांनंतर ‘वॉकिंग इन द एअर’ उसळतं ते त्या फरकामुळेच. हे गाणं अ‍ॅलेड जोन्स या बालगायकाचं, असं पुष्कळांना वाटतं. त्याने ते १९८५ मध्ये गायलं आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत नेलं, हे खरं. लघुपटातला आवाज मात्र लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या गायकवृंदातल्या पीटर ऑटी या मुलाचा आहे. मूळ श्रेयनामावलीत त्याचं नावच नव्हतं. ते २००२ च्या आवृत्तीत आलं. इतक्या वर्षांची ही उणीव फार खटकते.

लघुपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं, बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. लहान मुलांना दाखवताना एक काळजी घ्या: शेवट खरोखरच दुःखाचा आहे आणि तो कोणी समजावून सांगत नाही. चार-पाच वर्षांचं मूल रडू शकतं. घाईघाईने ‘तो परत येईल’ असं सांगू नका, लघुपट तसं म्हणत नाही. श्रेयनामावली शेवटपर्यंत चालू द्या. मूल त्या वेळात स्वतः काय ते विचारतं. झोपायच्या अगदी तोंडावर लावण्यापेक्षा संध्याकाळी लावा, म्हणजे बोलायला वेळ उरतो. २०१२ चा पुढचा भाग ‘द स्नोमॅन अँड द स्नोडॉग’ हाताने काढलेल्या चित्रांची शैली प्रामाणिकपणे जपतो, पण दोन्ही एकाच बैठकीत दाखवू नका. त्यात नवा मुलगा आहे, आणि सुरुवातीलाच त्याचा कुत्रा जातो.