फाउंड्रीवाल्यांच्या संघटनेची बेळगाव शाखा: ताट भरलेलं, प्रश्न उपाशी

लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांच्या, म्हणजे फाउंड्र्यांच्या, संघटनेच्या बेळगाव शाखेकडून सभासदत्वाच्या नूतनीकरणाची नोटीस आली आहे आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: डिनर मीटिंगचं ताट आता ४५० नाही, ५२५ रुपये. जीएसटी वेगळा. पैसे भरण्याआधी हिशेब मांडलेला बरा. उद्यमबाग, मच्छे, होनगा या बेळगावच्या औद्योगिक भागांतले बरेच जण विचारतातही, मेंबरशिप घेऊन पदरात काय पडतं म्हणून. मीटिंगचा साचा सगळ्यांना ठाऊक आहे. महिन्यातून एकदा हॉटेलचा हॉल, साडेसहाला चहा, सातला व्याख्यान, मग आभार आणि जेवण. ते पुन्हा सांगत बसत नाही.

पहिली आणि मोठी तक्रार म्हणजे प्रश्नोत्तरं. कागदावर सात ते सव्वाआठ व्याख्यान आणि पुढं पंधरा मिनिटं प्रश्न. प्रत्यक्षात सातला प्रोजेक्टरची वायर शोधणं चालू असतं. मग दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांची ओळख (बायोडेटा जन्मगावापासून), मग शाल-श्रीफळ, मग प्रायोजकाची दहा मिनिटांची फिल्म. व्याख्याता उभा राहतो तेव्हा पावणेआठ वाजून गेलेले असतात आणि त्याच्याकडं साठ स्लाइड असतात. नऊच्या सुमारास केटररचा पोऱ्या मागचं दार उघडतो, एण्णेगाईचा (भरल्या वांग्याचा) वास आत येतो, आणि व्यासपीठावरून ठरलेलं वाक्य येतं: "प्रश्न आपण जेवताना घेऊया."

जेवताना प्रश्न होत नाहीत. व्याख्याता एका हातात ताट धरून उभा असतो, एका बाजूला त्याला कार्ड देणारे, दुसऱ्या बाजूला फोटोवाले. ज्याला खरोखर अडचण आहे तो मेल्टिंगचा (लोखंड वितळवणारा) किंवा सँड प्लँटचा (साच्याची वाळू तयार करणारा) माणूस तोवर गेलेला असतो. त्याला कारण आहे. टीओडी मीटर (वेळेनुसार विजेचा दर लावणारं) असलेल्या फाउंड्र्या संध्याकाळच्या महाग तासांत भट्टी आवरती घेतात आणि दहानंतर जोर धरतात. चार्ज (भट्टीत टाकायचा माल) तयार ठेवणं, लायनिंगवर (भट्टीच्या आतल्या अस्तरावर) नजर टाकणं, लॅडल (रस ओतायचं भांडं) तापवणं हे सगळं त्याआधी उरकावं लागतं. होनग्याचा माणूस असेल तर अख्खं शहर ओलांडायचं. म्हणजे उत्तर हवं असलेला माणूस सव्वानऊला स्कूटरला किक मारतो आणि उत्तर देणारा कुंदा खात उभा राहतो. वेळापत्रक कोणी केलं माहीत नाही, पण त्यानं रात्रीची हीट (भट्टीचा एक घाणा) कधी घेतलेली नसावी.

यात काय बुडतं त्याचं एक उदाहरण. विषय होता भट्टीत पिग आयर्न (कच्चं लोखंड) कमी करून स्टील स्क्रॅप (पोलादी भंगार) वाढवण्याचा. व्याख्यान चांगलं, आकडेमोड चोख, टनामागं किती वाचतात ते दाखवलं. कमी पडणारा कार्बन सीपीसीनं (भाजलेल्या पेट्रोलियम कोकनं) भरून काढायचा, इथपर्यंत सगळं आलं. पण हे करणाऱ्या प्रत्येकाला पुढं जी ठेच लागते ती स्लाइडवर नव्हती: नायट्रोजन. स्टील स्क्रॅप आणि साधं सीपीसी दोन्हीतून तो आत येतो, युरिया असलेल्या रेझिनचे कोअर (ओतीव वस्तूतली पोकळी घडवणारे वाळूचे ठोकळे) असतील तर तिथूनही. ग्रे आयर्नमध्ये (साध्या ओतीव लोखंडात) तो साधारण १०० पीपीएमच्या वर गेला की जाड भागात भेगेसारखी लांबट छिद्रं निघतात, आणि ती फेटलिंगला (ओतीव वस्तू साफ करताना) दिसत नाहीत, मशिनिंगला दिसतात. म्हणजे कास्टिंगची (ओतीव वस्तूची) किंमत गेलीच, वर गिऱ्हाइकाची मशिनिंगची डेबिट नोट.

याचं उत्तर ताट हातात घेऊन दोघांना मिळालं. ग्राफाइटाइज्ड कार्बन महाग असला तरी त्यात नायट्रोजन अगदी कमी असतो, म्हणून निदान जाड सेक्शनच्या जॉबला तो वापरा. सीपीसीच्या प्रत्येक लॉटचं नायट्रोजनसह सर्टिफिकेट मागा, नुसतं 'कार्बन ९८' लिहिलेलं घेऊ नका. थोडं टायटॅनियम दिलं की नायट्रोजन बांधला जातो, पण त्याचे कठीण कण टूल खातात, मग मशीन शॉप ओरडतं. तीन वाक्यांचं उत्तर. त्याचीच हॉलमधल्या बहुतेकांना गरज होती आणि ते भाकरीच्या रांगेत संपलं.

स्लाइड नंतर मिळतील म्हणतात. मिळत नाहीत. ग्रुपवर सत्काराचे फोटो मात्र रात्रीच येतात.

दुसरी तक्रार प्रायोजित व्याख्यानांची. बेंटोनाइट (साच्याची वाळू बांधून ठेवणारी माती, म्हणजे क्ले) विकणारा सांगतो की तुमचे सगळे डिफेक्ट क्लेमुळं आहेत. इनॉक्युलंटवाला (ओतण्याआधी रसात घालायचं मिश्रण विकणारा) सांगतो इनॉक्युलेशनमुळं. फिल्टरवाल्याच्या मते स्लॅगशिवाय (रसावरच्या मळीशिवाय) जगात दुसरं दुःख नाही. पुण्याचे, कोइम्बतूरचे पाहुणे येतात, स्लाइड इंग्रजीत, सुपरवायझर मागच्या दोन ओळींत गप्प. मधेच मराठी-कानडीत दोन वाक्यं टाकणारा वक्ता आला की त्याच ओळी पुढं सरकून बसतात, हे संयोजकांनाही दिसत असणार.

इथवरचं लिहून ठेवलं होतं आणि शेरा 'नूतनीकरण नको' असा होता. मग शाखेची वाळूवरची अर्ध्या दिवसाची कार्यशाळा झाली आणि शेरा बदलावा लागला. वरची तक्रार खोडत नाही, पण ही कार्यशाळा वर्षभराच्या फीइतकी वसूल आहे.

हॉटेल नाही, हार नाही. एका कारखान्याच्या सँड लॅबमध्ये मोजकी माणसं, शिकवणारा निवृत्त मोल्डिंगवाला (वाळूचे साचे बनवणारा), आणि तीन गोणपाटांवर तीन ठिकाणची वाळू. सुरुवात रॅमरपासून, म्हणजे वाळूचा चाचणी-नमुना ठोकून दाबणाऱ्या यंत्रापासून. ५० मिमी व्यासाची नळी, तीन ठोके, ही सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. पण रॅमर कशावर ठेवला आहे हे कोणी बघत नाही. लाकडी टेबलावर ठेवला तर ठोक्याचा जोर टेबल खातं, नमुना कमी दाबला जातो, आणि कॉम्पॅक्टेबिलिटी (ठोक्यांनी वाळू किती टक्के दबते), ताकद, परमिएबिलिटी (वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) असे तिन्ही आकडे खोटे येतात. काँक्रीटचा किंवा ओतीव लोखंडाचा घट्ट चौथरा हवा आणि रॅमर त्याला बोल्टनं आवळलेला हवा. वाळू नळीत दाबून भरायची नाही, चाळणीतून मोकळी पडू द्यायची, वरून पट्टीनं सपाट करायची, मग ठोके.

नंतर एकाच बॅचची वाळू दोन जागांवरून घेतली. मिक्सरखाली कॉम्पॅक्टेबिलिटी ४२. बेल्टवरून फिरून मोल्डिंग मशीनच्या हॉपरमध्ये पोचली तिथं ३५. कारण लगेच थर्मामीटर खुपसून दाखवलं: वाळू पन्नास अंशांच्या वर. गरम वाळूतलं पाणी वाटेतच उडतं, आणि पॅटर्न (ज्यावर वाळू दाबून साचा करतात तो आकार) थंड असेल तर तीच वाफ त्यावर धरते आणि वाळू पॅटर्नला चिकटते. मोल्डर म्हणतो पाणी जास्त झालं, मिक्सरवाला म्हणतो कमी आहे, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. इलाज पाण्याचा नळ फिरवणं नाही. परतीची वाळू थंड करा, एकाच शिफ्टमध्ये तीच वाळू पुन्हा पुन्हा फिरते ते कमी करा, म्हणजे सिस्टीममध्ये वाळू वाढवा, आणि नमुना मिक्सरखाली नव्हे, मोल्ड बनतो तिथं घ्या.

ओलाव्याच्या आकड्याचाही भ्रम तिथंच फिटला. बोर्डावर 'मॉइश्चर ३.५' लिहून कोणी समाधानी असेल तर त्यानं शेजारी कॉम्पॅक्टेबिलिटी लिहावी. कॉम्पॅक्टेबिलिटी ४० वर धरून ठेवताना ओलावा महिन्यागणिक चढत असेल, तर वाळूत मेलेली (भाजून निकामी झालेली) क्ले आणि बारीक धूळ साठते आहे. ती पाणी पिते, ताकद देत नाही. मग धूळ ओढणारी यंत्रणा बघायची, नवी वाळू वाढवायची, आणि मेथिलीन ब्लूनं (रंगद्रव्याच्या चाचणीनं) जिवंत क्ले किती ते मोजायचं. नुसतं बेंटोनाइट ओतत राहिलं की पैसे जातात आणि ब्लो होल (वायूची छिद्रं) राहतात. हे सांगताना तिथं बेंटोनाइटवाल्याचाच बॅनर होता. प्रायोजक असूनही खरं बोलता येतं, फक्त बोलणारा त्याचा सेल्समन नसावा.

दुपारी डिफेक्ट टेबल. ज्यानं त्यानं आपलं रिजेक्ट कास्टिंग कापून आणलेलं. एका पंप हाउसिंगवर सगळे अडले होते. छिद्रं कोअर प्रिंटच्या (साच्यात कोअर टेकतो त्या टोकाच्या) जवळच, गोलसर, आतून गुळगुळीत आणि चकचकीत. शिकवणाऱ्यानं भिंग लावून आधी श्रिंकेज (थिजताना आकसल्यानं पडणारी पोकळी) बाद केलं. श्रिंकेज असतं तर आतली भिंत खडबडीत, झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक दिसले असते. स्लॅग असता तर छिद्रात काजळी-काचेसारखं काही अडकलेलं सापडलं असतं. हा गॅस. मग प्रश्न एकच: "कोअर कधी बनवला आणि कुठं ठेवला होता?" उत्तर आलं, चार दिवस आधी, शेडच्या कडेला. पावसाळ्यात बेळगावात ही अर्धी गोष्ट झाली. सिलिकेट-सीओटूचे (कार्बन डायऑक्साइडनं घट्ट केलेले) कोअर तर ओल धरतातच, कोल्ड बॉक्सचेही (वायू सोडून रेझिननं घट्ट केलेले) पावसाळी हवेत बिघडतात. वर कोअर वॉश (कोअरवर लावायचा लेप) नीट वाळवला नव्हता आणि ब्रशच्या फटकाऱ्यात प्रिंटवरचं व्हेंटचं (वायू बाहेर जाण्याचं) भोक बुजलं होतं. गॅसला बाहेर पडायला वाटच नाही, तो रसात शिरणार. सांगितलेला उपाय असा: प्रिंटच्या तोंडाला वॉश लावायचा नाही, व्हेंट तारेनं मोकळं करून मगच कोअर बसवायचा, जून ते सप्टेंबर कोअर आधी बनवलेला आधी वापरायचा आणि ओतण्याच्या दिवशी पुन्हा गरम करून घ्यायचा. यात विकत घेण्यासारखं काहीच नाही, म्हणून असली गोष्ट प्रायोजित व्याख्यानात येत नाही.

एसजी आयर्नवरचं (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या लोखंडावरचं) सत्र थोडं घाईत उरकलं. उरलेलं मॅग्नेशियम ०.०३५ ते ०.०५ टक्क्यांत ठेवा, ट्रीटमेंटनंतर (मॅग्नेशियम दिल्यावर) दहा मिनिटांच्या आत ओता, शेवटच्या बॉक्सला (साच्याला) नोड्यूल (ग्राफाइटच्या गोळ्या) तपासा, पहिल्या नव्हे. पहिला बॉक्स कायम सुंदर असतो. एसजी रोज ओतणाऱ्यांना यात नवं काही नव्हतं.

आता जेवण, कारण पैसे त्याचेच वाढलेत. जेवण उत्तम आहे. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई, शेंगदाण्याची चटणी, मसालेभात आणि शेवटी कुंदा. पनीरच्या दोन भाज्या कोणी मागत नाही, त्या काढल्या तर ताट जुन्या दरात बसेल. ताटाचे पैसे आगाऊ, आणि चोवीस तासांच्या आत रद्द केलं तर परत नाहीत, हे मात्र फाउंड्रीवाल्यांसाठी केलेलं नाही. भट्टीचं लायनिंग चोवीस तासांची नोटीस देऊन फुटत नाही.

मेंबरशिपमध्ये एक खोच आहे आणि ती फॉर्मवर ठळक लिहिलेली नाही. वैयक्तिक सभासदत्व नावावर असतं, आपल्या जागी सुपरवायझर पाठवला तर त्याला पाहुणा धरून ७०० रुपये घेतात. संस्थात्मक सभासदत्व महाग दिसतं, पण त्यात कोणतेही दोन प्रतिनिधी सभासद दरात जातात आणि कार्यशाळेलाही दोन जागा मिळतात. चाळीस-पन्नास माणसांच्या कारखान्यालाही तेच परवडतं. मीटिंगला फक्त मालक जाणार असेल तर वैयक्तिक घ्या, ओळखीपाळखी आणि जेवण होईल, रिजेक्शनवर फरक पडणार नाही. कोल्हापूरला कार्यक्रम जास्त होतात हे खरं, पण हायवेनं जाऊन-येऊन दोनशेवर किलोमीटर, टोल आणि अख्खी संध्याकाळ. सुपरवायझरला दर महिन्याला तिकडं धाडणं कोणाला जमत नाही.

संयोजकांना एवढंच सुचवलं आहे: सत्कार जेवणानंतर घ्या. ज्यांना शाल बघायची आहे ते थांबतील. व्याख्यान सातला सुरू, आठला बंद, साडेआठपर्यंत प्रश्न, चिठ्ठीवर लिहून घेतलेले, मराठी-कानडी-इंग्रजी कुठल्याही भाषेत. उत्तर आलं की कार्यकारिणीपुढं ठेवू.

कार्यशाळेला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. डिफेक्ट टेबलवर कास्टिंग नेताना छिद्रातून करवतीनं कापा, ग्राइंडर फिरवू नका. ग्राइंडरनं आतली भिंत घासली गेली की गॅस की श्रिंकेज हे कळायचं साधनच जातं. सोबत हीट नंबर, केमिस्ट्री, ओतण्याचं तापमान, त्या दिवशीचा सँड रिपोर्ट आणि कोअरची तारीख लिहिलेला कागद ठेवा. नूतनीकरण करतोय, पण संस्थात्मक. फॉर्ममध्ये प्रतिनिधींच्या दोन रकान्यांत एक मेल्टिंगचा आणि एक सँडचा माणूस घातला आहे. मालकाला यायचं असेल तर त्यानं पाहुण्याचे ७०० भरावेत.