कॉक्रन लायब्ररी: गोळी घ्यायच्या आधी वाचायची साइट (साडेतीन स्टार)

औषधांचे रिव्ह्यू लोक कुठे वाचतात? ऑनलाइन फार्मसीच्या पानावर. "मस्त गोळी, दोन दिवसात फरक पडला, डिलिव्हरी पण टायमावर." आता दोन दिवसात फरक गोळीने पडला की सर्दी तशीही उतरणारच होती हे त्या माणसाला कसं कळणार, आणि आपल्याला तरी कसं कळणार. म्हणून हा रिव्ह्यू औषधाचा नाही, औषधांवरच्या संशोधनाची छाननी करणाऱ्या साइटचा आहे. कॉक्रन लायब्ररी. 1993 मधे ऑक्सफर्डला इयन चाल्मर्स वगैरे मंडळींनी कॉक्रन ही संस्था सुरू केली, तिची ही साइट, नाव आर्ची कॉक्रन या स्कॉटिश डॉक्टरचं. काम एकच, एखाद्या औषधावर जगात जेवढे धड प्रयोग झालेत तेवढे सगळे शोधायचे, फालतू असतील ते बाजूला काढायचे, उरलेल्यांची बेरीज करायची, आणि मग त्या बेरजेवर किती भरवसा ठेवायचा तेही सांगायचं. या छाननीला ते रिव्ह्यू म्हणतात.

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठीच मी ही साइट वापरते. प्रत्येक निष्कर्षाला एक दर्जा असतो, खात्री जास्त, मध्यम, कमी, अगदीच कमी. आपल्याकडे "रिसर्चने सिद्ध झालंय" एवढं म्हटलं की विषय संपतो, इथे तिथून सुरू होतो.

उदाहरण घ्या कंबरदुखीचं. अचानक कंबर धरली तर आपण पहिली पॅरासिटामॉल टाकतो. कॉक्रनचा 2016 चा रिव्ह्यू सरळ म्हणतो, नव्याने उठलेल्या कंबरदुखीत पॅरासिटामॉल आणि खोटी गोळी (दिसायला तशीच, आत औषध नाही) यात फरक नाही, आणि खात्री जास्त. यातला मुख्य प्रयोग ऑस्ट्रेलियातला, 2014 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, सोळाशेच्या वर पेशंट. रोज ठरल्या वेळी गोळी घेणारे साधारण 17 दिवसात बरे झाले, दुखेल तेव्हा घेणारे 17 आणि नुसती खोटी गोळी घेणारे 16! म्हणजे त्यातल्या प्रत्येकाला शपथेवर वाटलं असणार की मला गोळीने आराम पडला. (ताप, डोकेदुखी याला हे लागू नाही हां, लगेच डबा फेकू नका.)

व्हिटॅमिन सीचं पण तसंच. रोज घेतली तरी सामान्य माणसाला सर्दी व्हायची ती होतेच, फक्त मोठ्यांची सर्दी 8 टक्के आणि मुलांची 14 टक्के कमी दिवस टिकते, आणि सर्दी झाल्यावर घ्यायला सुरुवात केली तर तेवढाही ठाम फायदा दिसत नाही. पण मॅरेथॉनवाले, स्कीइंगवाले आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. आता आपण सोसायटीच्या बागेत तीन फेऱ्या मारणारे, आपल्याला यातलं काय मिळणार ते ज्याचं त्याने ठरवावं.

खरी उपयोगी पडली ती बाबांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या वेळी. बाबांना हार्टचा त्रास कधी झालेला नाही, तरी स्टॅटिन लिहून दिलं, आणि आमच्या घरात लगेच दोन पार्ट्या पडल्या. काकांचं म्हणणं या गोळ्या कंपन्यांचं कारस्थान, आई म्हणते डॉक्टरांनी दिली ना मग घ्या गपचूप. 2013 च्या कॉक्रन रिव्ह्यूत एक वाक्य आहे ज्याने दोघंही थोडे गप्प झाले: हृदयविकार नसलेल्या 1000 लोकांनी पाच वर्षं स्टॅटिन घेतलं तर 18 जणांचा हार्ट अ‍ॅटॅक किंवा स्ट्रोकसारखा मोठा झटका टळतो. अमुक टक्के धोका कमी असं जाहिरातीत लिहिलं की गोळी अमृत वाटते, आणि हजारात 18 म्हटलं की माणूस विचार करायला लागतो. बाबांनी हाच आकडा डॉक्टरांना विचारला, डॉक्टर अजिबात चिडले नाहीत, म्हणाले तुम्हाला शुगर आहे, तुमचा मुळातला धोका जास्त म्हणून फायदाही जास्त. झालं, बाबा गोळी घेतायत. साइटने गोळी घ्या पण सांगितलं नव्हतं आणि बंद करा पण नाही.

आता त्यांच्या लोगोबद्दल सांगते, कारण त्यात पूर्ण गोष्टच आहे. मधे एक उभी रेघ आणि तिच्या आजूबाजूला सात आडव्या रेघा, खाली पत्त्यातल्यासारखा एक छोटा चौकट. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक प्रयोग. दिवस भरायच्या आधी बाळंत होऊ शकणाऱ्या बाईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते का, हा प्रश्न. रेघ उभ्या रेघेच्या डावीकडे राहिली तर फायदा, तिला छेदून गेली तर नक्की सांगता येत नाही. बऱ्याच रेघा छेदून जातात, म्हणून एकेकटा प्रयोग वाचणाऱ्याला वाटायचं काही खास नाही. पण सगळ्यांची बेरीज म्हणजे तो चौकट, तो स्पष्ट डावीकडे, बाळ दगावण्याची शक्यता 30 ते 50 टक्के कमी. पहिला प्रयोग 1972 मधे छापून आला, आणि नीट बेरीज छापली गेली 1989 मधे. मधल्या काळात माहिती कागदावर होती आणि बहुतेक डॉक्टरांना पत्ताच नव्हता, किती बाळं गेली असतील.

पण याच्या पुढचा भाग लोगोत नाही आणि आपल्या दृष्टीने तोच जास्त महत्त्वाचा. ते जुने प्रयोग बहुतेक श्रीमंत देशातल्या मोठ्या हॉस्पिटलांमधले. मग हेच इंजेक्शन गावपातळीपर्यंत न्यायचा मोठा प्रयोग सहा देशात झाला, त्यात भारतातलं बेळगाव आणि आपलं नागपूर पण होतं, निकाल 2015 ला आला. अपेक्षा होती मृत्यू कमी होतील. अगदी लहान वजनाच्या बाळांमधे काही फायदा दिसला नाही, आणि सगळी बाळं मिळून बघितली तर मृत्यू उलट थोडे वाढले! जिथे सोनोग्राफी नाही, नेमके किती आठवडे झालेत ते माहीत नाही, तिथे ज्यांना गरज नव्हती अशा कितीतरी बायकांना पण इंजेक्शन गेलं. मग 2020 मधे डब्ल्यूएचओचा दुसरा प्रयोग आला, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया, नायजेरिया, हॉस्पिटलमधेच आणि सोनोग्राफीने आठवडे मोजून. तिथे नवजात बाळांचे मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 वर आले. औषध त्याच जातीचं. म्हणून मी आता कुठलाही रिव्ह्यू उघडला की आधी बघते हे प्रयोग कुठे झाले, कोणावर झाले, आणि ही माहिती कॉक्रनमधे असते पण आत खोल, वर सारांशात शोधायला लागते. यासाठी अर्धा स्टार कापला.

आणखी अर्धा स्टार कापला तो आपल्या बाजारामुळे, म्हणजे खरं तर त्यांचा दोष नाही. आपल्याकडे मेडिकलमधून जी स्ट्रिप हातात पडते त्यात तीन तीन सॉल्ट (म्हणजे मूळ औषधं) एकत्र कोंबलेले असतात. 2016 मधे सरकारने अशा 344 कॉम्बिनेशनवर बंदी घातली, कोर्टकचेऱ्या झाल्या, 2018 ला परत 328 वर घातली, तरी दुकानं भरलेलीच आहेत. कॉक्रनवर एकेका सॉल्टचं भरपूर मिळेल, तुमच्या हातातल्या खिचडीचं बहुतेक मिळणार नाही. खोकल्याच्या औषधांवर रिव्ह्यू आहे, तो म्हणतो चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या खोकल्याच्या औषधांचा उपयोग होतो किंवा होत नाही असं ठाम सांगण्याएवढा चांगला पुरावाच नाही. मुलांच्या खोकल्यावर मात्र मध काहीच न देण्यापेक्षा बरा ठरलाय, एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, आज्जीने कितीही आग्रह केला तरी.

आणि "पुरावा नाही" हे वाचून सरळ "उपयोग नाही" असं समजू नका. पॅरासिटामॉलचं कंबरदुखीत तपासून झालंय आणि फरक नाही असं निघालंय. खोकल्याच्या सिरपचं धड तपासलंच गेलेलं नाही. साइटवर दोन्ही कोरड्या भाषेत लिहिलेलं असतं, घाईत वाचलं तर सारखंच वाटतं.

मे 2021 मधे गोवा सरकारने 18 वर्षांवरच्या सगळ्यांना कोरोना होऊ नये म्हणून आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध द्यायचं जाहीर केलं होतं, आठवतंय? कॉक्रनचा रिव्ह्यू जुलैत आला, म्हणाला वापराला आधार देणारा धड पुरावा नाही. दोनच महिन्यात आला म्हणजे त्यांच्या मानाने सुसाट, एरवी काही रिव्ह्यू इतके जुने असतात की नवीन प्रयोग येऊन शिळे होतात. त्यात ब्रिटन सरकारने रिव्ह्यू करणाऱ्या तिथल्या गटांचा मोठा निधी 2023 मधे थांबवला, तेव्हा वेग वाढेल असं काही वाटत नाही. या वेगासाठी आणि भाषेसाठी राहिलेला स्टारचा हिशोब जुळवून टाका, मी दशांशात नाही शिरत. हिंदी, तमिळमधे काही सारांश आहेत, मराठीत मला एकही सापडला नाही.

पैसे पडत नाहीत, साध्या भाषेतला सारांश सगळ्यांना फुकट. फक्त शोधताना ब्रँडचं नाव टाकू नका, बहुतेक काही येणार नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात सॉल्टचं नाव असतं ते टाका, आणि तरी नाही सापडलं तर अमेरिकन नाव टाकून बघा, तिकडे पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल.