‘४०० अँपियर’चं मशीन, १६ अँपियरचा प्लग

मोबाइलवरच्या जाहिरातीतून वेल्डिंग मशीन मागवलं आणि फसलो. सगळ्यात आधी आकडे, म्हणजे हजार-पाचशेसाठी बोंब मारतोय असं कुणाला वाटायला नको. बुकिंगचे ९९९. पार्सल दारात आल्यावर रोख ७,५००. ‘रिटर्न डिपॉझिट’ २,३६०. ‘रिफंड’ घ्यायला गेलो आणि खात्यातून उलटे गेले ते ८,४९९. डोळ्यांचे डॉक्टर ६००, ड्रॉप्स १८४. बेरीज २०,१४२ रुपये. एवढ्यात पक्क्या बिलासकट, वॉरंटीसकट वेल्डिंग मशीन आलं असतं, वर हेल्मेट, हातमोजे, रॉडची पाकिटं, आणि परत येताना दोन प्लेट मिसळ झाली असती.

मी कोल्हापूरचा. होय, कारखान्यांचं आणि अवजारांच्या दुकानांचं उद्यमनगर हाकेच्या अंतरावर असताना वेल्डिंग मशीन मोबाइलवर मागवलं. हसायचं असेल तर हसून घ्या, घरचे केव्हाच हसून मोकळे झालेत. पण मी का मागवलं तेही ऐका. मी एका संस्थेत हिशेब लिहितो, फॅब्रिकेटर नाही. गच्चीत कुंड्यांचं स्टँड करायचं होतं, मागच्या दाराची बिजागरी तुटली होती, आणि खरं सांगायचं तर आर्क वेल्डिंग, म्हणजे रॉडच्या टोकाशी विजेची ठिणगी पाडून लोखंड जोडणं, शिकायची हौस होती. आधी गेलो होतो उद्यमनगरातच. दुकानदाराने विचारलं, “जॉब काय आहे? घरात लोड किती मंजूर आहे?” म्हटलं, हौस म्हणून शिकायचंय. तर म्हणाला, “मग पावणं, आधी लाइटबिल घेऊन या, मशीन पळून जात नाही.” आणि वळला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. किंमत विचारली तर ११,५००, हेल्मेट वेगळं. चारचौघांत असं बोलल्यावर माणूस परत त्या दुकानाची पायरी चढेल का?

रात्री जाहिरात समोर आली. पुण्याजवळच्या भोसरीतली कंपनी बंद झाली, शेवटचे नग, ४०० अँपियर आयजीबीटी इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक, वजनाला हलक्या जातीचं मशीन), डिजिटल डिस्प्ले, ऑटो डार्क हेल्मेट (ठिणगी पडताच काच आपोआप काळी होणारं), रॉड धरायचा होल्डर, अर्थ क्लॅम्प, हातमोजे, रॉड, सगळं मिळून ८,४९९. व्हिडिओत एक जण शेतातल्या ट्रॉलीला टाके मारतोय, स्लॅग, म्हणजे टाक्यावर जमणारी खपली, आपोआप सालासारखा सुटून येतोय, आणि मागे शुद्ध मराठीत आवाज. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बुकिंगचे पैसे, बाकीचे डिलिव्हरीला, ‘सर आजच शेवटचा दिवस’. ते सगळं परत उगाळत नाही.

उगाळायचं आहे ते वेगळंच. पार्सल घेऊन आलेल्या पोराच्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात, पट्टीत दोन बोटं अडकवून, माझं ‘४०० अँपियर’चं मशीन. जिना चढून आला तरी त्याला धाप नाही. मी स्वतः ते हातात घेतलं, आणि मनात काय आलं असेल? “वा, इन्व्हर्टर टेक्नॉलॉजी, किती हलकं!” खरं ४०० अँपियरचं मशीन तीन फेजवर चालतं आणि ते दोन बोटांत झुलवत आणायची वस्तू नाही. बॉक्स उघडून बघतो म्हटलं, तर तो म्हणाला, “काका, ओपन डिलिव्हरी नाहीये, आधी पैसे.” ७,५०० मोजून दिले. तो जिना उतरेपर्यंत मी बॉक्स फोडलाही होता, आणि पहिलीच वस्तू बाहेर आली ती वायर. तिच्या टोकाला घरातल्या गिझरला असतो तसला १६ अँपियरचा साधा प्लग.

तो प्लग हातात धरून मी उभा होतो. मी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढणारा माणूस. हिशेब दोन ओळींचा आहे. मशीनच्या प्लेटवर कामाचा व्होल्टेज छापतात तो ठरलेल्या सूत्राने येतो: २० अधिक करंटच्या ०.०४ पट. ४०० अँपियरला ३६ व्होल्ट. ३६ गुणिले ४०० म्हणजे १४,४०० वॅट, आणि हे नुसतं रॉडच्या टोकाशी, मशीनमधलं नुकसान धरलेलंच नाही. १६ अँपियरच्या पॉइंटवरून मिळणार २३० गुणिले १६, म्हणजे ३,६८० वॅट. माझ्या लाइटबिलावर मंजूर भार ३ किलोवॅट. दुकानदार लाइटबिल का मागत होता ते आता कळलं, पण हे त्याने नीट समजावून सांगायला नको होतं का? सगळा हिशेब मी नंतर केला. त्या वेळी मात्र सूत्र कुणाला माहीत होतं! शिकायलाच तर बसलो होतो.

आणि जाता जाता सांगतो, घरगुती पॉइंटवर चांगल्या मशीनमधूनही शंभर अँपियरच्या आसपासच निघतात आणि तेवढे पुरतात. अडीच एमएमचा ई ६०१३ जातीचा नेहमीचा रॉड सत्तर ते नव्वदमध्ये छान चालतो. ४०० हा आकडा हौशी माणसाला लागतच नाही. तो फक्त जाहिरातीला लागतो.

संध्याकाळी गच्चीत बसलो. डिस्प्लेवर ९०. रॉड टेकवला की चिकटायचा. ओढून काढायचा, परत टेकवायचा, परत चिकटायचा. १२० केले, १६० केले, तेच. ह्या लोकांची सगळी कमाई इथे आहे बघा. शिकाऊ माणसाचा रॉड चिकटतोच, हे सगळं जग सांगतं. त्यामुळे शिकाऊ माणूस मशीनवर संशय घेतच नाही, तो स्वतःच्या हाताला नावं ठेवतो. मीही तेच केलं. वेल्डरने पहिल्या टाक्याला ओळखलं असतं, म्हणून ही जाहिरात वेल्डरला दाखवतच नसणार. नंतर ओळखीच्या एका मिस्त्रीने डीसी क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावला तेव्हा डिस्प्लेवर २०० होते आणि केबलमधून जात होते ५८. रॉड चिकटणार नाही तर काय! डिस्प्ले करंट मोजतच नव्हता, नॉब कुठे फिरवलाय तेवढं दाखवत होता. मिस्त्रीने होल्डरची केबल चाकूने सोलली. वरून जाड, गुबगुबीत, आत तारांचा बारीकसा झुपका. त्यातली एक तार खरवडली तर वर तांबूस मुलामा आणि आत पांढरं अॅल्युमिनियम. केबल घ्याल तेव्हा हे दुकानातच करा, लाजू नका.

रॉडच्या पाकिटावर नुसतं ‘६०१३’. आयएस ८१४, म्हणजे रॉडचं भारतीय मानक, त्याचा उल्लेख नाही, बॅच नंबर नाही, कुणी बनवला तेही नाही. वरचं कोटिंग नखाने पडत होतं.

पण हेल्मेटबद्दल बोलायला लागलो की अजून हात थरथरतात. पुढच्या काचेच्या वर सोलर सेलची पट्टी होती. मशीनचे पैसे गेले तर गेले, पण ही पट्टी मी नखाने खरवडली आणि ती निघाली. स्टिकर! सोलर सेलचा छापील फोटो. मागे काळपट प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर ‘शेड ११’ (काचेच्या गडदपणाचा नंबर) असं छापलेलं. खऱ्या ऑटो डार्क काचेत फिल्टर असतो, ती गडद झाली नाही तरी अल्ट्राव्हायोलेट अडवते. ह्यात काहीच नव्हतं. मी त्यातून तासभर ठिणग्या बघितल्या.

आर्कच्या उजेडाचा मार लगेच कळत नाही, काही तासांनी कळतो. रात्री दोनला डोळ्यांत कुणीतरी वाळू चोळतंय असं वाटून उठलो. दिवा लावला तर सहन होईना, पाणी थांबेना. बायकोने बटाट्याचे काप ठेवले, शेजारच्या वहिनींनी दूध घालायला सांगितलं. डोळ्यांत काहीही घालू नका, सकाळी सरळ डॉक्टरकडे जा. एक-दोन दिवसांत बरं होतं, पण तेवढ्या वेळात माणूस काय काय करून बसतो ते पुढे वाचा.

मशीन चालत नाही म्हणून मी रात्री झोपण्यापूर्वीच त्यांना व्हॉट्सअॅप केलं होतं. सकाळी, दवाखान्यात जायच्या आधीच फोन. इतकं अदबीनं तर घरचंही कुणी बोलत नाही. “सॉरी सर, पूरा रिफंड होगा, बस पिकअप का डिपॉझिट लगेगा, रिफंड के साथ वापस.” २,००० अधिक १८ टक्के जीएसटी, २,३६०. परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी! हे वाक्य एरवी कुणी माझ्यासमोर उच्चारलं असतं तर मी त्याला ऑफिसात उभा केला नसता. पण डोळे मिटलेले, डोकं ठणकतंय, बायको रिक्षा थांबवून खाली उभी. भरले. मग त्याने क्यूआर पाठवला, ‘स्कॅन करा, ८,४९९ जमा होतील’. मुलाच्या मोबाइलवर उघडून माझ्या मोबाइलने स्कॅन केला. रक्कम बरोबर होती, तेवढीच मला दिसली. वर ‘पे’ लिहिलंय की आणखी काही, हे वाहत्या डोळ्यांना कसं दिसणार? पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे वाक्य मी स्वतः दहा जणांना सांगितलेलं आहे. ज्यांना ते पाठ आहे त्यांनी वेल्डिंगचा मार खाल्लेल्या डोळ्यांनी एकदा स्क्रीन वाचून दाखवावी.

आता मदतीचं ऐका. बँकेत गेलो तर बाई म्हणाल्या, “पिन तुम्हीच टाकलाय ना, मग व्यवहार तुम्ही केलाय.” अर्ज लिहा म्हणाल्या. लिहिला. त्यावर शिक्का मारून एक प्रत मला दिली, शिक्का मात्र फार सुंदर उठला होता. पोलिस ठाण्यात हवालदाराने पहिला प्रश्न विचारला, “काका, घरात वेल्डिंग कशाला करता?” दुसरा, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली, दिवाणी मॅटर आहे.” मी स्टिकर दाखवला, सोललेली केबल दाखवली. त्याने ती केबल शेजारच्याला दाखवली आणि दोघं हसले. फसवणुकीचं कलम पूर्वी ४२० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८. आकडा बदलला, हसणं तेच. ऑनलाइनचं आहे म्हणून दुसरीकडे पाठवलं, तिथे म्हणाले रोख रक्कम डिलिव्हरीला दिली ते ऑनलाइन नाही, त्याचं तुमच्या ठाण्यातच बघा. म्हणजे माझे १९,३५८ रुपये त्यांनी दोन टेबलांवर वाटून टाकले आणि तक्रार कुणीच घेतली नाही!

कुरियरवाला: “आम्ही फक्त पोच करतो.” जिथे जाहिरात दिसली तिथे तक्रार केली तर उत्तर आलं, ही जाहिरात आमच्या नियमांच्या विरुद्ध नाही. हे असं बोलायचे त्यांना पैसे मिळतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने तक्रार निवारण अधिकारी नेमून ४८ तासांत पोच द्यायची असते. कुणी द्यायची? ज्याचा नंबर सकाळी दहाला बंद झाला त्याने?

आणि बिल. बिल होतं बरं का, छापील, रंगीत. पत्ता भोसरी, जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे ०७. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, ०७ म्हणजे दिल्ली. पोर्टलवर टाकून बघितलं तर नोंदणी रद्द. हे घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं, म्हणाले, “बिल तर दिलंय की तुम्हाला.” पुढे पोलिसांकडे जायला सांगितलं. पोलिसांनी जिथे पाठवलं होतं तिथूनच मी आलो होतो, हे त्यांना सांगायचं त्राण राहिलं नव्हतं.

पैसे गेले की पहिला फोन १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. अर्ज, शिक्के, बँकेतल्या बाई सगळं नंतर. पैसे खात्यांतून पुढे सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं, आणि मी आधी डोळे दाखवायला गेलो. त्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

मशीन घेताना अँपियर विचारू नका, ड्यूटी सायकल विचारा. म्हणजे दहा मिनिटांत किती मिनिटं सलग चालतं, किती अँपियरवर. ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडून पानाही घेऊ नका. दुकानातच पाच एमएमच्या पट्टीवर अडीचच्या रॉडने टाका ओढून बघा. हेल्मेटची शंका असेल तर साधं हातात धरायचं, शेड ११ च्या काचेचं घ्या, त्यात बिघडायला काही नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर शिकू नका, धूर वाईट. आणि लाइटबिल घेऊन जा. त्या दुकानदाराचं बोलणं मला अजूनही आवडलेलं नाही, पण घेऊन जा.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रार आपण राहतो तिथे करता येते. अडचण एकच, समोरच्याचा पत्ता लागतो. भोसरीच्या त्या प्लॉटवर माझा मावसभाऊ जाऊन आला, तिथे मंगल कार्यालय आहे. म्हणून हे लिहितोय. ज्यांच्याकडे हेच मशीन आलंय, लाल रंग, पुढे निळा डिस्प्ले, बिलावर भोसरी आणि ०७, त्यांनी पार्सलवरचं लेबल फाडू नका. त्यावर कुरियरचा ट्रॅकिंग नंबर असतो, खरा पत्ता त्यातून निघू शकेल. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली आयोगाची परवानगी घेऊन अनेकांना मिळून एक तक्रार करता येते. माझं लेबल बॉक्स फोडताना अर्धं गेलंय. कुणाचं पूर्ण असेल तर कळवा, बाकीचे कागद मी तयार ठेवलेत.