फुकेतच्या स्नॉर्केलिंगच्या नावाखाली १,२६,००० रुपये गेले, क्रूझला जाणाऱ्यांनी वाचा

रक्कम आधीच सांगते. एक लाख सव्वीस हजार. चौदा माणसं, माणशी ९,००० रुपये, आणि हे सगळे पैसे गोळा करून स्वतःच्या हाताने पाठवणारी मी. सत्तावीस वर्षं अकाउंट्समध्ये काम करते, एक सही राहिली तरी लोकांची व्हाउचर्स परत पाठवते, आणि मी हे केलं. तीन महिने घराबाहेर कोणाला नीट सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती, अजूनही वाटते, पण परवा जे कळलं (शेवटी लिहिलंय) त्यानंतर गप्प बसणं शक्य नाही.

आमचा पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी चालायला जाणाऱ्यांचा ग्रुप आहे. आम्ही नऊ जणी आणि त्यातल्या पाच जणींचे नवरे असे चौदा जण डिसेंबर २०२४ मध्ये क्रूझला गेलो. सिंगापूरहून निघून पिनांग, थायलंडमधलं फुकेत आणि परत सिंगापूर, चार रात्री. क्रूझचं बुकिंग व्यवस्थित झालं होतं, जहाजाबद्दल काही तक्रार नाही. फुकेतला स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघायचं) करायचंच हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू ६३ वर्षांच्या, त्यांनी ऑक्टोबरपासून टिळक टँकवर (पोहायच्या तलावावर) जाऊन नळी तोंडात धरून श्वास घ्यायची प्रॅक्टिस केली होती, सुरुवातीला नाकातोंडात पाणी जायचं तरी सोडलं नाही त्यांनी. पैशापेक्षा मला त्यांचं जास्त लागलंय.

जहाजावरून ट्रिप घेतली तर आपल्या हिशोबात माणशी साधारण ९,९०० पडत होते. मी फेसबुकवर प्रवासाच्या एका ग्रुपमध्ये विचारलं की बाहेरून स्वस्तात होतं का, आणि विचारताना जहाजाचं नाव, तारीख, किती माणसं सगळं लिहिलं. हे कधीही करू नका. तुम्ही कुठल्या तारखेला कुठे उतरणार, घोळका केवढा, हे सगळं तुम्हीच आयतं ताटात वाढून देता. दुसऱ्याच दिवशी एका ट्रिपवाल्याचा फोन आला.

बोलणं अगदी आपल्यातलं, शुद्ध पुणेरी मराठी, आधी मॅडम मग दोन दिवसांनी ताई. म्हणाला ऑफिस जंगली महाराज रोडला आहे, क्रूझवाल्यांच्याच किनाऱ्यावरच्या ट्रिपा करतो. आता कोणी म्हणेल एवढ्यावर विश्वास ठेवला? नाही ठेवला एवढ्यावर. मी त्याला फी फी बेटांची ट्रिप मागितली होती, तर तो स्वतःच नको म्हणाला. ताई, तिथला माया बे २०१८ मध्ये बंद केला होता, २०२२ च्या जानेवारीत उघडला पण तिथे पोहायला परवानगी नाही, नुसतं बघून यायचं, तुम्हाला पाण्यात उतरायचंय ना मग राचा बेटावर जा. मी नेटवर तपासलं, सगळं खरं निघालं. मग म्हणाला सनस्क्रीन बघून घ्या, प्रवाळाला घातक केमिकल असलेली सनस्क्रीन थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांमध्ये २०२१ पासून बंद केलीत, उगाच दंड बसेल. तेही खरं! महागातला धंदा नाकारून स्वस्तातलं सुचवणारा, आपल्या दंडाची काळजी करणारा माणूस चोर असेल असं कोणाच्या मनात येईल, मला सांगा. खरी माहिती फुकट मिळते आणि ती वापरूनच माणूस गळाला लावतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आणि वर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारला भरायचा आयकर. ट्रिपचे ९६,००० आणि त्यावर ५ टक्के टीसीएस ४,८००, एकूण १,००,८००, सगळ्यांचे पॅन नंबर द्या, तुमच्या २६एएस मध्ये (आयकर खात्याकडच्या आपल्या नोंदीत) दिसेल, रिटर्नमध्ये क्रेडिट घ्या. टीसीएस शब्द काढला आणि मी पूर्ण निर्धास्त झाले. कागदाचा माणूस आहे म्हटलं, पक्की पावती देणारा. पावतीवर जीएसटी नंबर होता, २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचाच, म्हणून मी पुढे मोजलाही नाही. पंधरा अक्षरं लागतात, चौदाच होती. टॅन (टीसीएस घेणाऱ्याचा आयकराचा नंबर) तर पावतीवर कुठे नव्हताच. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की धंद्याचं नाव आणि चालू आहे की रद्द ते एका मिनिटात दिसतं, मी ऑफिसात हे प्रत्येक नव्या व्हेंडरचं करते. इथे नाही केलं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, ऑफिसात हाफ इयरलीचं काम, घरी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, रात्री अकराला फोनवर पावती बघितली आणि ठीक आहे म्हटलं.

पैसे यूपीआयने, ५०,४०० चे दोन भाग, कारण लाखाच्या वर एका दिवसात जात नाहीत. पहिल्याला नाव आलं कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं, दुसऱ्याला एका बाईचं. विचारलं तर म्हणाला मिसेसचं करंट अकाउंट आहे. नंतर आणखी ७,००० मागितले, मास्क आणि पायात घालायच्या फिन्सचं डिपॉझिट, माणशी ५००, परत मिळणार. तेही दिले.

आता तो क्षण, जो मी रोज रात्री आठवते. व्हाउचर आलं त्यावर लिहिलेलं, पिकअप पाटोंग बीच, सकाळी ८:३०. क्रूझच्या कागदावर लिहिलेलं की जहाज फुकेतला १० वाजता नांगर टाकणार. मी लगेच फोन केला, अहो आम्ही पोचायच्या आधीच पिकअप कसा. तो हसून म्हणाला, ताई थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे ना, जहाजावर सिंगापूरचा टाइम चालतो, व्हाउचरवर थायलंडचा आहे, म्हणून तसं दिसतंय. आणि मी म्हटलं, हो हो, बरोबर.

बरोबर काय होतं त्यात? जहाजाचे १० म्हणजे थायलंडचे ९. पिकअप थायलंडच्या ८:३० ला. तरीही आम्ही अर्धा तास समुद्रातच असणार! पहिलीतल्या पोराला कळेल अशी वजाबाकी. रोज त्या जहाजाची माणसं उतरवून नेणारा माणूस असा टाइम लिहीलच कसा? आणि नांगर टाकला म्हणजे लगेच उतरलो असंही नसतं, पाटोंगला मोठं जहाज आत खाडीत थांबतं, तिथून छोट्या टेंडर बोटीतून किनाऱ्यावर सोडतात, आणि ज्यांनी जहाजाकडूनच ट्रिप घेतली त्यांना आधी सोडतात, बाकीच्यांनी तिकीट घेऊन नंबर येईपर्यंत बसायचं. पण एक तासाचा फरक आहे हे वाक्य खरं होतं, म्हणून मी पुढचा हिशोब केलाच नाही. माझ्या मिस्टरांनी तेव्हा विचारलं होतं, नक्की ना? मी त्यांच्यावर ओरडले, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत शंका. आता ते काही बोलत नाहीत, त्याचा जास्त त्रास होतो.

फुकेतला किनाऱ्यावर पाय लागले तेव्हा तिथले सव्वादहा वाजले होते. कोणी नाही. त्याने सांगितलं होतं म्हणून सगळ्यांनी मनगटाला पिवळ्या रिबिनी बांधलेल्या, त्या बांधून आम्ही चौदा जण उन्हात उभे. फोन लावला तर उचलला! म्हणाला तुम्ही उशिरा आलात, बोट परत गेली, पोर्टची परमिशन पुन्हा काढायला माणशी १,३०० लागतील, अर्ध्या तासात बोट येते, पैसे ट्रिप झाल्यावर परत देतो. १८,२०० रुपये. आणि मी तेही पाठवले. कोणी विचारलं की अक्कल कुठे गेली होती तर उत्तर एवढंच आहे की तेरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि काकू पोहायचा ड्रेस आतून घालून, टॉवेल खांद्यावर टाकून तयार बसल्या होत्या. ज्याने कधी दुसऱ्यांचे पैसे गोळा केलेत त्याला कळेल.

त्यानंतर फोन बंद. सव्वा तास थांबलो. शेवटी बीचवरच्या एका ट्रिपवाल्याला व्हाउचर दाखवलं, त्याने दोनदा वाचून मान हलवली, राचाच्या बोटी इथून सुटतच नाहीत, त्या चालोंगच्या धक्क्यावरून सुटतात, बेटाच्या पार दुसऱ्या बाजूला. मॅप उघडून बघितलं असतं तर हेही घरबसल्या कळलं असतं. दुसरी ट्रिप घ्यायला वेळ उरला नव्हता, कारण बाहेरून घेतलेल्या ट्रिपला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, हे लक्षात ठेवा. जहाजाकडून घेतलेल्या ट्रिपला थांबतं, त्या जास्तीच्या पैशात हे धरलेलं असतं. मी माणशी २,७०० वाचले म्हणून खूश होते. शहाळं पिऊन परत जहाजावर आलो. काकू म्हणाल्या जाऊ दे गं, आणि केबिनमध्ये जाऊन झोपल्या, रात्री जेवायला आल्या नाहीत.

आता तक्रारीचं ऐका. १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, फुकेतहून लावला, लागलाच नाही. पुण्यातल्या भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला मावशी मी लावतो पण ते खातेदाराची माहिती विचारणार, ट्रान्झॅक्शनचे नंबर दे, ते पाठवण्यात जहाजाचं वायफाय गेलं आणि दोन दिवस गेले. पैसे गेल्यावर पहिले काही तासच हातात असतात, तेवढ्यातच समोरचं खातं गोठवता येतं. घरातल्या एकाकडे तुमच्या बँकेचे तपशील आधीच ठेवून जा.

परत आल्यावर सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला, मेसेज आला. मग आमच्या भागातल्या पोलीस स्टेशनला. पहिल्या दिवशी, साहेब बंदोबस्ताला गेलेत. दुसऱ्या दिवशी, घटना थायलंडची आहे, इथे कशी घेणार. मी म्हटलं पैसे माझ्या सिंहगड रोडच्या खात्यातून गेलेत, फोन इथे आला, घटना थायलंडची कशी? आणि नवीन कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची असं लिहिलंय, फसवणुकीचं कलम बीएनएसमध्ये (भारतीय न्याय संहितेत) ३१८ आहे, मी प्रिंट काढून नेली होती. ती प्रिंट त्यांनी बघितली आणि मलाच म्हणाले, मॅडम एवढं शिकलेल्या आहात तर पैसे पाठवताना वाचायचं. तिसऱ्या खेपेला सायबरकडे जा. सायबरने म्हटलं रक्कम लहान आहे, आधी स्थानिक स्टेशनचा अर्ज आणा. एक लाख सव्वीस हजार लहान! पाच खेपा, तीन अर्ध्या रजा, आणि एवढ्यानंतर हातात काय तर अर्जाच्या झेरॉक्सवर एक शिक्का. एफआयआर नाही. शेवटच्या वेळी एकजण म्हणाले, तुमची एकटीचीच तक्रार आहे हो, अजून दोनचार आल्या तर बघता येईल.

बँकेने तर हात वर केले. पिन तुम्ही स्वतः टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या मर्जीचा. ज्या खात्यात पैसे गेले त्याचं केवायसी कोणी केलं, ह्याचं उत्तर कोणी देत नाही. तीस दिवसांत बँकेने समाधान केलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे अर्ज केलाय. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला, तिथली मुलगी निदान नीट बोलली, पण समोरच्या धंद्याचा खरा पत्ता हवा म्हणाली. पत्ता! जंगली महाराज रोडवर मी स्वतः गेले, बिल्डिंग आहे, मजला आहे, तिथे कसले तरी क्लासेस आहेत, वॉचमन म्हणाला ह्या नावाचं इथे कधीच कोणी नव्हतं. माझ्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं. पैसे द्यायच्या आधी एकदा जायला हवं होतं, चौदातल्या कोणीही. ऑफिस पुण्यात आहे म्हणाला तर तिथे जाऊन, बसून, मग पैसे द्या.

टीसीएसचं पण बघितलं. डिसेंबरच्या तिमाहीचं रिटर्न १५ जानेवारीपर्यंत भरायचं असतं, फेब्रुवारी संपला, चौदापैकी एकाच्याही २६एएस मध्ये काही नाही. म्हणजे ते ४,८०० पण त्याच्याच खिशात. आणि चौदा जणांचे पॅन आणि पासपोर्टची पहिली पानं त्याच्याकडे आहेत, मीच पाठवली, एकेकाकडून मागून, नीट नाव घालून. त्या काळजीने झोप लागत नाही. सगळ्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघितले, दर महिन्याला बघणार. पासपोर्टची कॉपी व्हॉट्सॲपवर पाठवूच नका, फारच गरज पडली तर त्यावर आडवं लिहा की कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली.

तेरा जणांचे १,१७,००० मी परत देतेय. माझी एफडी मोडली. चौघांनी घ्यायला नकार दिला, काकूंनी तर पाकीट आमच्या दाराच्या कडीला अडकवून परत केलं. ग्रुपमधल्या एक जण मात्र अजून चालताना माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला त्यांचं चुकीचं वाटत नाही.

परवाची गोष्ट. बहिणीच्या बिल्डिंगमधल्या एकांना मेसेज आला, मार्चच्या क्रूझसाठी, नवा नंबर, नवं नाव. बहिणीने मला फॉरवर्ड केला. माया बेचं तेच, सनस्क्रीनचं तेच, अगदी शब्दाला शब्द, प्रवाळ मधला र सुद्धा दोन्हीकडे तसाच गाळलेला. स्क्रीनशॉट पोलिसांना पाठवलाय, अजून उत्तर नाही. त्या बिल्डिंगमधल्यांना नकार द्यायला सांगितलं, पण असे अजून किती जण असतील.

असा फोन किंवा मेसेज तुम्हाला आला असेल, पैसे गेले असतील किंवा नसतील, तर स्क्रीनशॉट जपून ठेवा, डिलीट करू नका, आणि पोर्टलवर तक्रार टाका. लाज बाजूला ठेवून टाका. एकटीचीच तक्रार आहे असं पुन्हा मला ऐकायचं नाहीये. पुढच्या सोमवारी मी परत पोलीस स्टेशनला जाणार आहे, ज्यांचे असे पैसे गेलेत त्यांनी तोपर्यंत मला कळवा, सोबत जाऊ.